आतल्या बाजूची अक्षरं

पुंता अरेनासचा वारा दुकानांच्या पाट्या वाचत नाही,
उपटतो.
ऑक्टोबरात आमच्या कारखान्याच्या दाराशी ढीग लागतो:
अर्धं औषधांचं दुकान, दात नसलेला टूथब्रश,
हसऱ्या नवरीचा एकच डोळा, दोन मीटर रुंद.
ओयार्सो म्हणतो, टाकू नकोस काही.
बोलून दमलेल्या पत्र्याला अजून पुष्कळ कामं येतात.

सहा वर्षं मी इथे रूटर चालवतेय.
निवडणुकीचे पन्हाळी प्लॅस्टिकचे फलक:
हरलेल्या उमेदवारावर आता मान्सियाबाईंच्या कोंबड्या निजतात.
(जिंकलेल्याने आपले मोजून परत नेले.)
जाळीचा बॅनर, वारा चाळून घेणारा,
बटाट्याच्या वाफ्याला बांधला;
नव्या मोटारीच्या सावलीत रुबार्ब वाढला.
लाल अ‍ॅक्रिलिकचे चुरे तापवून, पातेल्यावर वाकवून
शाळेच्या नाटकात सूर्यास्त केला.
फोमबोर्डाचे पेंग्विन सतरा.
त्यातला एक बदकासारखा झाला,
टाळ्या त्यालाच.

पण माझा जीव सँडविच पत्र्यावर.
भाकरीच म्हणा ना: वर पापुद्रा, खाली पापुद्रा,
दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे,
मध्ये काळा प्लॅस्टिकचा गर.
एका बाजूने खाच पाडायची,
पलीकडचा पापुद्रा राखून.
केसभर खोल गेली तर तुकडा हातात.
केसभर उथळ राहिली तर वाकत नाही, नुसता रुसतो.
नेमकी बसली, की ताठ पत्रा
पत्रासारखा मिटतो.

जूनमध्ये एर्मिंदा कार्कामो आली.
बुटांवर बर्फ, पिशवीत फोटो.
मुलगा, दागोबेर्तो, ट्रकवर होता.
नातालेसच्या रस्त्यावर, सत्त्याऐंशीव्या किलोमीटरला,
काचेसारख्या बर्फावर
त्याची गाडी वळली, रस्ता वळला नाही.
तिथे त्याच्यासाठी अनिमिता हवी होती,
वाटेत गेलेल्याच्या जिवाला वाटेतच बांधतात ते
गुडघाभर उंचीचं घर.
लाकडाची दोन वाऱ्याने नेली होती.
"हा नेणार नाही असं काही," ती म्हणाली.

ढिगात एक मोठा सपाट तुकडा होता,
बंद पडलेल्या सुपरमार्केटचा:
टोमॅटो किलोला ९९०, फक्त रविवारपर्यंत.
ओयार्सोने तो उलटा केला. कोरी बाजू बाहेर,
छपाई आत.
मी खाचा आखल्या, सहा.
मग छापील विनाइल सोलून काढायला हॉट-गन उचलली.
देवघरात टोमॅटोचा भाव कशाला?

बाईने माझं मनगट धरलं.

"राहू दे गं.
लहानपणापासून त्याला खोड,
रस्त्यावरची एकूण एक पाटी मोठ्याने वाचायचा.
टायर बदलून मिळतील. कुत्र्यापासून सावध.
पुढे पूल अरुंद आहे.
मी म्हणायची, अरे मेल्या, गप्प बस जरा.
आता तिथे कुरणच कुरण, तारेचं कुंपण, मेंढ्या.
वाचायला काही नाही त्याला."

मी हॉट-गन खाली ठेवली.
रूटर ९९०मधल्या दुसऱ्या नवातून गेला,
'रविवार'चा रवी एका भिंतीवर, वार दुसरीवर.
कोपरे रिबिटांनी बांधले. छप्पर उतरतं ठेवलं.
ओयार्सोने पावतीवर लिहिलं:
पत्रा, शिल्लक. घड्या, सहा.
पैशांच्या रकान्यात रेघ मारली.
बाई रागावली, म्हणून रुबार्बच्या मुरंब्याची बाटली ठेवून घेतली.

बसवायला तिघं गेलो.
चार बोल्ट, सिमेंट, बोटं बधिर.
तिने आत मेणबत्ती लावली,
विझली, लावली, विझली,
मग ती स्वतःच दारासमोर वाऱ्याला पाठ करून बसली.
तिच्या खांद्यावरून मला पाव टोमॅटो दिसत होता, लालभडक,
जूनमध्ये, तिथे.

एक ट्रक हॉर्न वाजवून गेला.
त्याच्या पाठीमागे काहीतरी लिहिलं होतं.
बाईने मान वळवली, डोळे बारीक केले,
आणि आतल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात
वाचून दाखवलं.